दोन वर्षांनी बंद झालेली फाइल

आमच्या मुलीच्या वाढीविषयी आणि बुद्धीविषयी तज्ज्ञांनी वेळोवेळी कागदावर लिहून दिलेले आकडे एका ओळीत मांडले, तर ते एकाच मुलीचे आहेत असे कोणाला वाटणार नाही. ६३, ८३, ९४ आणि १००. यांतले पहिले दोन तर एकाच दिवशी, एकाच खोलीत घेतलेल्या एकाच चाचणीचे आहेत. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे मोजमापात चूक राहते आणि आकडे वरखाली होतात हे मला कोणी सांगायला नको होते. तरीही आकडा पोटच्या पोरीचा असला की सगळे शिकलेले बाजूला राहते आणि त्यात तिचे भविष्य दिसू लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची ही तपासणी कशी होते, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, हे मला तुकड्यातुकड्याने समजत गेले. ते एकत्र लिहिलेले असावे असे वाटले.

मुलगी जन्मली २०१६च्या फेब्रुवारीत, एकोणतिसाव्या आठवड्यात, म्हणजे दिवस भरायला अकरा आठवडे बाकी असताना. वजन १,०८० ग्रॅम. एनआयसीयूतल्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या दिवसांविषयी इथे लिहीत नाही. डिस्चार्जच्या कागदावर पुढच्या तपासण्यांची यादी होती: डोळ्यांच्या पडद्याची आरओपीसाठी (अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या पडद्याच्या विकारासाठी) तपासणी, ऐकू येते का ते पाहणारी कानांची बेरा चाचणी, मेंदूची सोनोग्राफी आणि शेवटी ‘डेव्हलपमेंटल असेसमेंट’. पहिल्या तिन्हींची उत्तरे सरळ मिळाली आणि चांगली मिळाली. पुण्यातल्या फॉलोअपच्या डॉक्टर दर भेटीत तिचे हातपाय हलक्या हाताने ताणून सांध्यांचे कोन बघत, मान धरते का, मुठी उघडते का हे पाहत आणि त्रिवेंद्रमला तयार झालेल्या १७ कृतींच्या तक्त्यावर तिच्या वयाच्या जागी पट्टी उभी धरून डावीकडचे काही राहिले आहे का ते तपासत. हा चाळणीचा भाग झाला. एका भेटीत त्या चाळणीत काही शंका आली, म्हणून त्यांनी सविस्तर चाचणी करून घ्यायला सांगितले. पुण्याला पुन्हा लगेच जाणे जमणारे नव्हते, म्हणून ती आम्ही आमच्याच गावातल्या एका केंद्रात करून घेतली.

या वयाच्या बाळांच्या सविस्तर चाचणीसाठी आपल्याकडे ‘डासी’ (डेव्हलपमेंटल असेसमेंट स्केल्स फॉर इंडियन इन्फन्ट्स) ही चाचणी वापरतात. तिचे मूळ नॅन्सी बेली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तयार केलेल्या मापनश्रेणीत आहे. प्रमिला फाटक यांनी बडोद्याला भारतीय बाळांवर तिचे प्रमाणीकरण केले, म्हणून जुनी डॉक्टर मंडळी अजूनही ‘बडोदा नॉर्म्स’ म्हणतात. तिची सुधारित पुस्तिका १९९७ साली पुण्यातून निघाली. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी असलेल्या या चाचणीत हालचालींच्या वाढीच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ कृती आहेत. बाळाला किती कृती जमल्या याची बेरीज करायची, तेवढ्या कृती साधारण कोणत्या वयाच्या बाळाला जमतात ते तक्त्यावरून काढायचे, त्या वयाला बाळाच्या वयाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. येतो तो डीक्यू, म्हणजे वाढीचा गुणांक. तो सत्तरच्या खाली गेला की वाढ मागे पडली आहे असे धरतात.

खोलीत सतरंजी अंथरलेली होती. चाचणी घेणाऱ्या बाईंनी पेटी उघडून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली: दोरीला बांधलेली लाल कडी, घंटा, कप, चमचा, आरसा, लाल ठोकळे आणि साबुदाण्याच्या दाण्याएवढी एक गोळी. “आई, तुम्ही फक्त धरून बसा, मदत नका करू,” असे त्यांनी मला बजावले. दोन हातांत दोन ठोकळे दिल्यावर तिसरा पुढे केला, तर मुलगी त्याच्याकडे बघत राहिली आणि थोड्या वेळाने तिन्ही सोडून कपाची कड चोखू लागली. गोळी तिला दिसली. तिने हात नेला, सगळ्या पंजाने खरवडली आणि गोळी सतरंजीच्या सुरकुतीत गेली. दोरी ओढली की कडी आपल्याकडे येते हे तिला उमगते का, ते पाहायचे होते. तिने दोरीच तोंडात घातली. चमचा खाली पडल्यावर बाळाने तो वाकून शोधायला हवा होता, पण तो पडला तेव्हा तिचे सगळे लक्ष बाईंच्या हिरव्या बांगड्यांत होते. सासूबाईंना राहवले नाही. “अहो, ही या वेळेला झोपलेली असते. थोडं दूध पाजून मग घेतलं तर?” असे त्या म्हणाल्या. बाईंनी समजुतीने हसून दहा मिनिटे थांबवले, आणि खरे सांगायचे तर दूध पिऊन झाल्यावर काही कृती जमल्याही.

अहवाल एका पानाचा होता. मानसिक वय ६.६ महिने, प्रत्यक्ष वय १०.५ महिने, डीक्यू ६३, आणि त्याखाली ‘मानसिक वाढीत विलंब’ असा शेरा. त्या एका ओळीने घरात काय झाले याचे वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी असा कागद आला आहे त्यांना ते ठाऊक आहे.

पुण्याच्या डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, “करेक्टेड एज धरलंय का?” ते धरलेले नव्हते. अकरा आठवडे आधी आलेल्या बाळाच्या वयातून अकरा आठवडे वजा करायचे असतात आणि ही सवलत निदान दोन वर्षांची होईपर्यंत द्यायची असते, कारण मेंदूची वाढ गर्भधारणेपासून चालते आणि बाळ लवकर बाहेर आले म्हणून तिचा वेग वाढत नाही. त्यांनी अहवालाच्या पाठीवरच भागाकार केला. साडेदहा महिन्यांतून अडीच गेले की आठ राहतात, ६.६ला आठने भागले की ८३ येतात. मुलगी तीच, कृती त्याच, फक्त छेद बदलला आणि ‘विलंब’ हा शब्द गळून पडला. चाचणी घेणाऱ्या बाईंचे हात कसबी होते आणि बाळाशी वागणेही चांगले होते, याबद्दल मला शंका नाही. पण जन्म किती आठवड्यांचा हे विचारायला त्यांच्या अर्जावर रकानाच नव्हता.

८३ म्हणजे सगळे ठीक असेही नव्हते. डॉक्टरांनी केंद्रातून कृतीवार उत्तरपत्रिका मागवून घ्यायला सांगितली, आणि ती हातात आल्यावर मला पहिल्यांदा कळले की या सगळ्या खटाटोपातला सर्वांत निरुपयोगी भाग म्हणजे तो एकूण आकडा आहे. उत्तरपत्रिकेवरून दिसत होते की आवाजाला, चेहऱ्याला, बोलण्याला दिलेल्या प्रतिसादात ती कुठेही मागे नव्हती. जे राहिले होते ते जवळजवळ सगळे बोटांनी करायचे आणि एका वस्तूवरून दुसरीकडे लक्ष नेण्याचे होते. थेरपिस्टने त्यावरून घरी करायचे खेळ लिहून दिले. ताटलीत मुरमुरे ठेवून एकेक उचलायला लावायचे, रुमालाखाली खेळणे लपवायचे, पोटावर ठेवून पुढे सरकायला उत्तेजन द्यायचे, आणि दिवसभर तिच्याशी बोलत राहायचे, जे सासूबाई आधीपासूनच करत होत्या. ६३ या आकड्यावरून यातले एकही पाऊल सुचले नसते.

त्याच काळात मी वाचायला सुरुवात केली. आकडा किती आहे यापेक्षा तो पुढच्या आयुष्याविषयी काही सांगतो का, हा माझा प्रश्न होता, आणि संख्याशास्त्राच्या भाषेत तो सहसंबंधाचा प्रश्न आहे. गंमत अशी की त्याचे उत्तर खुद्द नॅन्सी बेली यांनी फार पूर्वी देऊन ठेवले होते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे १९२८ साली सुरू झालेल्या अभ्यासात त्यांनी त्याच त्या मुलांना तान्हेपणापासून मोठे होईपर्यंत पुनःपुन्हा तपासले, आणि पहिल्या वर्षातल्या गुणांचा नंतरच्या बुद्ध्यंकाशी जवळजवळ काही संबंध नसतो, असे त्यांना दिसले. ज्यांच्या मापनश्रेणीवरून जगभर बाळे मोजली जातात, त्यांनाच या मापाची मर्यादा सर्वांआधी माहीत होती.

ती मुले मात्र पूर्ण दिवसांची आणि निरोगी होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत काय होते, हे अमेरिकेतल्या क्लीव्हलंड येथील मॉरीन हॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सापडले. त्यांनी एक किलोहून कमी वजनाच्या मुलांची वीस महिन्यांच्या करेक्टेड वयात बेली चाचणी घेतली होती आणि आठव्या वर्षी पुन्हा बुद्धिमापन केले होते. वीस महिन्यांना सरासरी ७६ होती, आठव्या वर्षी ती ८८ झाली. सत्तरच्या खाली असलेल्यांचे प्रमाण ३९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. म्हणजे लहानपणी ज्यांच्यावर मागासलेपणाचा शिक्का बसला त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांचा तो शिक्का शाळेच्या वयात टिकला नाही. ज्यांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष) किंवा दिसण्या-ऐकण्याचे दोष होते त्यांच्या बाबतीत मात्र सुरुवातीचा अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरला. फार खाली असलेला आणि मेंदूच्या इतर तपासण्यांशी जुळणारा गुण गंभीरपणेच घ्यायचा असतो. डळमळीत असतो तो मधला पट्टा, आणि आम्ही त्या मधल्या पट्ट्यात होतो.

असे का होते हे समजायला त्या सतरंजीवरच्या वस्तू आठवल्या तरी पुरे. आठ महिन्यांच्या बाळाची जी ‘मानसिक’ वाढ मोजली जाते ती बहुतांशी डोळा, कान आणि हात यांच्या मेळाची असते. शब्दांतून विचार करणे, दोन गोष्टींतले साम्य ओळखणे, सांगितलेली गोष्ट मनात धरून तिच्यावर काम करणे, यांतले काहीच त्या वयात अजून उगवलेले नसते. जे अस्तित्वातच नाही ते मोजणार कसे? त्यातून दोन-चार कृती झोपेमुळे, भुकेमुळे किंवा बांगड्यांमुळे हुकल्या तरी इतक्या लहान वयात डीक्यू चांगलाच हलतो. आणि मधल्या वर्षांत घर, भाषा, आहार, आजारपणे हे सगळे आपापले काम करत असतात.

हे वाचून मला फार बरे वाटले, आणि दोन वर्षांच्या करेक्टेड वयात २०१८ साली पुण्यात पुन्हा चाचणी झाली तेव्हा ते वाटणे पक्के झाले. मानसिक डीक्यू ९४ आला. ती दोन-दोन शब्दांची वाक्ये बोलत होती, बाहुलीचे नाक-कान दाखवत होती. क्रेयॉनने रेघ मारताना मात्र हात थोडा अवघडत होता. डॉक्टरांनी अभिनंदन केले, फाइलवर ‘वयानुरूप’ असे लिहिले आणि आता फॉलोअपला यायची गरज नाही असे सांगितले. आपल्याकडच्या बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे. दोन वर्षे झाली की फाइल बंद.

पुढची काही वर्षे खरोखरच निर्वेध गेली. बालवाडीची वर्षे करोनाने खाल्ली, त्यामुळे कोणाचेच मूल कुठे आहे ते कळत नव्हते. अडचण दिसू लागली दुसरीत. ऐकलेली गोष्ट ती पात्रांच्या लकबींसकट पुन्हा सांगायची, मराठी वाचनात वर्गात पुढे असायची, आणि उभ्या मांडणीची दोन अंकी बेरीज मात्र रोज वेगळ्या प्रकारे चुकायची. कधी एककाखाली दशक लिहिलेला असे, कधी हातचा घेतलेला असे पण मिळवायचा राहून जाई. फळ्यावरचे उतरवून घेताना तिची वही नेहमी अर्धी राहायची. वर्गशिक्षिकांनी वहीवर ‘आळस, लक्ष नाही’ असे लिहून पाठवले. घरी मी चिडत असे, ती रडत असे, आणि आमच्यापैकी कोणालाही हे तिच्या जन्माशी जोडून बघायचे सुचले नाही, कारण ती फाइल ‘वयानुरूप’ म्हणून बंद झाली होती.

जोडून बघितले ते दुसऱ्याच कामासाठी भेटलेल्या एका बालरोगतज्ज्ञांनी. ‘जन्म किती आठवड्यांचा?’ हा प्रश्न त्यांनी सवयीने विचारला आणि लगेच मानसशास्त्रीय चाचणीची चिठ्ठी दिली. २०२३मध्ये साडेसात वर्षांच्या वयात तिची मालिन चाचणी झाली. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीवरून डॉ. आर्थर मालिन यांनी नागपुरात तयार केलेली ही भारतीय चाचणी १९६९ची आहे, आणि तिची प्रमाणके इतकी जुनी आहेत की आजच्या मुलांचे गुण तिच्यात थोडे फुगून येत असणार, हे ध्यानात ठेवलेले बरे. शाब्दिक बुद्ध्यंक १०९, कृतीचा ९१. या चाचणीत दोहोंची सरासरी काढतात, ती आली १००. बुद्धी अगदी सर्वसाधारण.

त्या शंभरात काय झाकले गेले होते ते मानसशास्त्रज्ञ बाईंनी उपचाचण्यांचे गुण एकेक करून दाखवले तेव्हा कळले. शब्दसंग्रह आणि साम्य ओळखणे यांत ती वयाच्या पुढे होती. ऐकलेले अंक उलट्या क्रमाने म्हणणे, तोंडी गणित, चित्राबरहुकूम ठोकळ्यांची रचना करणे आणि चिन्हे भरभर उतरवणे यांत ती बरीच मागे होती. हातचा का विसरतो आणि वही का अर्धी राहते, याची उत्तरे त्या कागदावर होती. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हाच साचा पुष्कळदा आढळतो, असे त्या म्हणाल्या: भाषा चांगली, पण माहिती क्षणभर मनात धरून वापरणे, कामाचा वेग, डोळा-हात मेळ आणि गणित अशक्त. दोन वर्षांच्या बाळाला हातचा धरावा लागत नाही, त्यामुळे त्या वयात ही उणीव कुठल्याही चाचणीत दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

मग मी पुन्हा वाचायला बसले. लंडनच्या संशोधकांनी २०१६ साली अपुऱ्या दिवसांच्या मुलांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून तपासले होते. शाळेच्या वयात ज्या मुलांत बौद्धिक उणीव आढळली त्यांतली लहानपणच्या चाचणीत सापडली होती ती सुमारे ५५ टक्के. उणीव नसलेल्या मुलांना चाचणीने बरोबर ‘ठीक’ म्हटले होते ते सुमारे ८४ टक्क्यांना. वर्गात मी हे आकडे फळ्यावर मांडले असते, तर पहिल्या बाकावरच्या मुलीनेही विचारले असते की उरलेल्या ४५ टक्क्यांचे काय. त्यांना ‘वयानुरूप’ असे लिहून घरी पाठवलेले असते. चाचणी उगाच घाबरवते, एवढेच मी आधी ध्यानात घेतले होते, कारण मला तेवढेच हवे होते. ती उगाच निर्धास्तही करते, आणि दुसऱ्या प्रकारच्या चुकीची तक्रार करायला कोणी परत येत नाही.

यासाठी परदेशी अभ्यासांकडेही जायला नको होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ होता आणि तुलनेसाठी घेतलेल्या मुलांचा ९७.२, दोन्ही सर्वसाधारण मर्यादेतच, पण फरक नजरेआड करण्याजोगा नाही. जी बाळे अपुऱ्या दिवसांची असून शिवाय त्या दिवसांच्या मानानेही हडकुळी होती ती सर्वांत मागे राहिली. डोळा-हात मेळ आणि गणित यांतल्या अडचणी तिथेही नोंदल्या गेल्या, आणि आईचे शिक्षण व घरची परिस्थिती यांचा परिणामही स्पष्ट दिसला. इतक्या चिकाटीचे काम आपल्या पुण्यात झालेले असताना दोन वर्षांनी फाइल बंद करण्याची रीत इथेच सर्रास चालू राहावी, हे मला अजून पटत नाही. एनआयसीयूतून बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाला निदान शाळेत जाण्याआधी एकदा आणि दुसरी-तिसरीत एकदा बोलावणे अशक्य नाही. त्यासाठी यंत्र लागत नाही, एक प्रशिक्षित माणूस आणि दोन तास लागतात. २०१३ साली पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांची तपासणी होते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तपासणीच्या कार्डावर जन्माच्या आठवड्यांचा आकडा ठळक असला, तरी बरीच मुले ‘आळशी’ म्हणवून घेण्यातून सुटतील.

आठ वर्षे पूर्ण झाल्यावर तिची अध्ययन अक्षमतेसाठी रीतसर तपासणी झाली. २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेत त्यासाठी तिसरी किंवा आठ वर्षे ही वेळ सांगितलेली होती. गणितापुरती अडचण आहे, असा निष्कर्ष निघाला. शाळेने तो कागद मान्य करायला वेळ घेतला, पण केला. आता ती चौथीत आहे. गणितासाठी चौकटींची वही वापरते, हातच्यासाठी वर वेगळी चौकट आखून घेते, फळ्यावरचे उतरवण्याऐवजी बाईंकडून छापील कागद घेते, आणि पाढे तिला तालावर म्हटले तर राहतात असे लक्षात आल्यापासून ते आम्ही म्हणूनच पाठ करतो. सर्वांत जुनी कृतीवार उत्तरपत्रिका मी नव्या फाइलला पहिलीच लावली आहे, डीक्यूच्या आकड्यासाठी नव्हे, तर त्यात बोटे आणि लक्ष यांच्यासमोर मारलेल्या फुल्यांसाठी. पुढची चाचणी पाचवीत घ्यायची ठरली आहे. तोवर मोठे भागाकार आणि अपूर्णांक सुरू झालेले असतील, आणि तिथे ती कुठे अडते ते मानसशास्त्रज्ञ बाईंना पाहायचे आहे.